रोटरीच्या कॉइल: जास्त चाललेल्या आरएक्स-८ ची ठिणगी कशी जपायची

दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली माझदाची आरएक्स-८ कोणी दाखवायला आणली, की बॉनेट उघडायच्या आधी मी एकच विचारतो: कॉइल शेवटच्या कधी बदलल्या? बहुतेक वेळा समोरून येतं, "त्या बदलायच्या असतात का?" असतात. कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा भाग, ही या गाडीत ब्रेक पॅडसारखी झिजणारी वस्तू समजायची. मी ५०,००० किलोमीटरला चारही कॉइल, चारही प्लग आणि चारही वायर एकदम बदलतो, मग त्या चालू असल्या तरी. हे वाचून खर्चिक वाटेल, पण कॉइलकडे दुर्लक्ष केल्यावर जे बिल येतं त्यापुढे हे काहीच नाही.

माझदाने ही गाडी २००३ ते २०१२ या काळात बनवली. तिच्यातलं रेनेसिस इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरवर चालणारं; रोटर दोन, प्रत्येकी ६५४ सीसी. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. त्यामुळे नेहमीच्या गाडीत ज्या गोष्टींची काळजी घ्यायची सवय असते त्यातल्या निम्म्या इथे नाहीतच, आणि ज्या आहेत त्यांचं वागणं वेगळं.

कॉइल लवकर का जाते

रोटर त्रिकोणी असतो. त्याच्या तीन बाजू आणि मधला एक्सेंट्रिक शाफ्ट यांचं गणित असं, की रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एक स्फोट. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. इथे दर फेऱ्याला. सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीत रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या वेगाची वरची मर्यादा, ९,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) आहे. त्या वेगाला एकेक कॉइल सेकंदाला १५० ठिणग्या टाकते, चारही मिळून ६००. दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम ६.७ मिलिसेकंद उरतात. त्यातच कॉइल चार्ज व्हायची, रिकामी व्हायची आणि पुन्हा तयार राहायची. साध्या चार सिलिंडरच्या गाडीत ६,००० आरपीएमला एका कॉइलला ५० ठिणग्या पुरतात. म्हणजे तिप्पट मजुरी. वर कॉइल इंजिनाला चिकटून बसलेल्या, तिथली उष्णता रात्रंदिवस खाणाऱ्या. आतलं इन्सुलेशन उकडून तडकतं आणि वीज प्लगपर्यंत पोहोचायच्या ऐवजी आतल्या आत निसटते.

रोटरला दोन प्लग का लागतात हेही इथेच सांगतो, कारण पुढे कामाला येईल. या इंजिनाची ज्वलनाची जागा लांब आणि चपटी असते, शिवाय ती हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) कडेने सरकत राहते. एका ठिणगीने सगळं पेट्रोल वेळेत पेटत नाही. खालचा प्लग लीडिंग, तो आधी पेटतो आणि मुख्य काम करतो. वरचा ट्रेलिंग, तो मागाहून येऊन उरलेलं उरकतो. १९९१ साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या ७८७बी गाडीच्या चार रोटरच्या इंजिनात तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते.

कॉइल गेली हे ओळखायचं कसं

चेक इंजिनचा दिवा लागायची वाट बघत बसू नका. कॉइल एकदम मरत नाही, ती हळूहळू अशक्त होते. आयडलिंगला सगळं ठीक, गावातल्या वेगात ठीक, आणि ६,५०० च्या वर मात्र गाडीत जीवच नाही. काटा चढतो, पण ओढ नाही. कधी पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त जातं, कधी मागे न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो. ट्रेलिंग कॉइल गेली असेल तर लीडिंग प्लग काम ओढून नेतो आणि तुम्हाला फक्त "आज जरा मंद वाटतेय" असं वाटतं. लीडिंग गेली तर लगेच कळतं, गाडी झटके मारते.

दिवा लागलाच तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड कोड रीडरवर बघा. पी०३०१ म्हणजे पुढचा रोटर, पी०३०२ म्हणजे मागचा. कोड रोटर सांगतो, प्लग सांगत नाही. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र पाय सोडा आणि गाडी बाजूला घ्या. मिसफायरमुळे, म्हणजे ठिणगी चुकल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्यातली जाळी वितळते, मग ती धुराची वाट अडवते. धूर मागे दाबला गेला की इंजिन आतून तापतं आणि सील सैल पडतात. कॉइल गेली म्हणून कन्व्हर्टर गेला, कन्व्हर्टर गेला म्हणून इंजिन गेलं, असा हा क्रम आहे. म्हणूनच त्या बिलाची गोष्ट आधी काढली.

तपासायला सोपी युक्ती: पुढच्या रोटरच्या लीडिंगची कॉइल मागच्या रोटरच्या लीडिंगशी बदला. कोड पी०३०१ वरून पी०३०२ वर गेला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर ट्रेलिंगच्या कॉइलही तशाच बदलून बघा; तरीही हलला नाही तर प्लग, वायर किंवा इंजिन. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि वायरवर निळसर चमक पळताना दिसली, तर वायर गळतेय. हे करताना हात लांब ठेवा. या विजेचा झटका पेसमेकर असलेल्या माणसाला धोकादायक ठरू शकतो. बाकीच्यांनाही तो मजेचा नसतो.

पैसे घालायच्या आधी कॉम्प्रेशन

इथे लोक चुकतात. गाडी मंद झाली की ताकदवान कॉइल मागवतात, बसवतात, आणि दोन महिन्यांनी गरम इंजिन सुरूच होत नाही. दोष कॉइलचा नव्हता, एपेक्स सील (रोटरच्या तीन टोकांवरच्या, दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) झिजले होते. जोरदार ठिणगी थकलेल्या इंजिनाला थोडे दिवस झाकून नेते एवढंच. म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते ते, मोजा.

पिस्टन इंजिनाचा साधा गेज इथे पुरत नाही. रोटरच्या तीन बाजूंची तीन मापं लागतात आणि साधा गेज तिन्हींतलं मोठं तेवढंच दाखवून थांबतो. रोटरीसाठीचा टेस्टर असलेला माणूस शोधा. रेनेसिससाठी कंपनीचे आकडे असे: २५० आरपीएमला नव्या इंजिनाचं ८३० किलोपास्कल, किमान ६८०. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त नको. मापं गरम इंजिनावर घ्यायची, पेट्रोल आणि स्पार्क बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. बॅटरी अशक्त असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. म्हणून टेस्टरवाल्याने कोणत्या आरपीएमला मोजलं हे विचारा आणि २५० ला जुळवलेला आकडा मागा.

टेस्टर मिळालाच नाही, तर साध्या गेजमधला एकेरी व्हॉल्व्ह काढून घ्या आणि सेल्फ मारताना काटा बघा. तीन सारख्या उड्या, पुन्हा तीन सारख्या उड्या. "ठक-ठक-ठक" असा एकसारखा ठेका हवा. "ठक-ठक-थप" ऐकू आलं तर एक सील गेलं आहे. आकडा यातून मिळत नाही, पण उत्तर मिळतं.

मापं ६८० च्या वर असतील तर पुढे वाचा. खाली असतील तर कॉइलचे पैसे इंजिनाच्या खात्यात टाका.

कोणत्या कॉइल

दोन रस्ते आहेत. पहिला, मूळच्याच कॉइल, पण सुधारित आवृत्ती. कंपनीने ही कॉइल वेळोवेळी बदलली आणि पार्ट नंबरच्या शेवटी सी हे अक्षर असलेली नंतरची आहे. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल, दर ५०,००० ला बदलायची तयारी असेल, तर हा रस्ता सरळ आहे. वायरिंगला हात लावावा लागत नाही. फक्त नक्कल टाळा. मी एकदा स्वस्तात मिळाल्या म्हणून बिननावाच्या चार घेतल्या; त्यातली एक पहिल्याच आठवड्यात बंद पडली.

दुसरा रस्ता जनरल मोटर्सच्या एलएस जातीच्या व्ही-८ इंजिनांतल्या कॉइलचा. त्यातली डी५८५ ही ट्रकमधली कॉइल रोटरीवाल्यांची आवडती आहे. आकाराने मोठी, पाठीवर ॲल्युमिनियमच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या, ऊर्जा जास्त. या कॉइलच्या आत स्पार्कचा स्विच असतो, मूळ कॉइलच्याही आत असतो, त्यामुळे गाडीचा कॉम्प्युटर दोघींना सारखाच इशारा देऊ शकतो. तयार किटमध्ये ब्रॅकेट, जोडवायरिंग आणि प्लगच्या वायर एकत्र येतात. मी असंच किट सुचवतो. सुट्या कॉइल घेऊन घरी ब्रॅकेट वाकवणाऱ्यांचं कौतुक आहे, पण ब्रॅकेट थरथरलं की कनेक्टर सैल होतो आणि मग जो मिसफायर येतो तो शोधताना आठवडा जातो.

जास्त ताकद मिळेल या आशेने मात्र हे करू नका. चांगल्या मूळ कॉइलच्या जागी चांगल्या डी५८५ घातल्या तर गाडी उडायला लागत नाही. मिळतो तो टिकाऊपणा आणि वरच्या आरपीएमला खात्रीची ठिणगी. मूळ कॉम्प्युटर कॉइलला जेवढा वेळ चार्ज करतो तेवढ्यातही डी५८५ व्यवस्थित चालते. ट्यूनिंग करून तो वेळ वाढवता येतो, पण वरच्या आरपीएमचे ६.७ मिलिसेकंद विसरून वाढवला तर कॉइल तापते आणि वेळेआधी जाते.

प्रत्यक्ष काम

दुपारभर वेळ ठेवा. लागणारं सामान: १० मिमी पाना, प्लगचा २१ मिमी खोल सॉकेट, लांब एक्स्टेंशन, टॉर्क पाना, जॅक आणि स्टँड, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, मास्किंग टेप, पेन. शेवटच्या दोन वस्तू सगळ्यांत महत्त्वाच्या, का ते पुढे सांगतो.

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा.

२. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवा आणि पुढचं डावं चाक काढा. स्टिअरिंग कोणत्याही बाजूला असो, प्लग इंजिनाच्या डाव्या अंगालाच आहेत, आणि चाकाच्या जागेतून हात सरळ पोहोचतो. वरून करायला गेलात तर बोटं सोलून निघतील.

३. काहीही सोडवायच्या आधी चारही वायरींच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि लिहा: एल१, एल२, टी१, टी२ (एल लीडिंग, टी ट्रेलिंग; १ पुढचा रोटर, २ मागचा). कॉइलवर लिहा, कनेक्टरवर लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. माझ्या पहिल्या वेळेला मी फोटो काढला होता. फोटोत चार काळ्या वायर एका काळ्या भोकात शिरताना दिसत होत्या. पुढच्या रोटरच्या लीडिंग आणि ट्रेलिंग वायरींची मी अदलाबदल केली, गाडी सुरू झाली, आणि रिकाम्या पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. चार सेकंदांत बंद केली. तेव्हापासून टेप.

४. प्लगची टोपी वायरीला धरून ओढू नका, टोपीलाच धरून थोडी पिळून काढा. मग प्लगच्या भोवतालची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट आत जाते. प्लग हळूहळू सोडवा. अडला तर थोडा आत, थोडा बाहेर असं करत काढा.

५. निघालेले प्लग क्रमाने कागदावर मांडा आणि नीट बघा, कारण इंजिनाच्या आत डोकावायची संधी रोज मिळत नाही. फिकट तपकिरी, कोरडा प्लग म्हणजे बरं चाललंय. काळा आणि पेट्रोलने ओला म्हणजे त्याला ठिणगी मिळत नव्हती. तीच तुमची मेलेली कॉइल. पांढरट, फोड आलेला म्हणजे जास्त तापतंय. चारपैकी एकच वेगळा दिसला तर गाडीचा आजार तिथे आहे.

६. नवे प्लग बसवताना लीडिंग आणि ट्रेलिंगची गल्लत करू नका. एनजीकेचे आरई७सी-एल खाली, आरई९बी-टी वर. शेवटचं अक्षर बघायचं. नऊ आकड्याचा प्लग जास्त थंड राहणारा आहे, जागा बदलली की उष्णतेचा हिशेब चुकतो. गॅप वाकवून बदलायच्या फंदात पडू नका, या प्लगची रचनाच त्यासाठी नाही. पहिले काही आटे सॉकेट नुसत्या बोटांनी फिरवून बसवा. शेवटी टॉर्क पान्याने साधारण १५ न्यूटन-मीटर. हाताला हे कमी वाटतं. तेवढंच ठेवा.

७. जुन्या कॉइल ब्रॅकेटसकट काढा. इंजिनाच्या डाव्या अंगाला वर बसलेल्या असतात. कनेक्टरची प्लास्टिकची जिभली इतक्या वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते. बोटाने दाबून आधी कनेक्टर थोडा आत ढकला, मग ओढा. तुटली तर नवा कनेक्टर लावा. केबल टायने बांधून वेळ मारून नेली तर तो सहा महिन्यांनी सैल होतो.

८. नव्या कॉइल बसवा. डी५८५ असेल तर चार पिन आहेत: ए ही मुख्य अर्थिंग, बी सिग्नलची अर्थिंग, सी कॉम्प्युटरचा इशारा, डी १२ व्होल्ट. मूळ कनेक्टरला तीनच वायर असतात, त्यामुळे किटमध्ये अर्थिंगची वेगळी वायर येते. ती इंजिनाच्या धातूवर लावा आणि जिथे लावणार तिथला रंग-गंज घासून चकचकीत करा. नव्या कॉइल घातल्या तरी मिसफायर जात नाही अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका बोल्टखाली सापडतं.

९. टोपीच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. वायर "टक्" आवाज येईपर्यंत बसवा. वायर एकमेकींना किंवा गरम भागाला टेकत नाहीत ना, हे बघा.

१०. टेपवरची नावं मोठ्याने वाचत चारही जोडण्या पुन्हा तपासा. मग बॅटरी जोडा आणि चाक लावा.

२००४ ते २००८ च्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर एक्सेंट्रिक शाफ्टच्या सेन्सरची आठवण पुसून नव्याने शिकवून घेणं चांगलं. किल्ली ऑनवर ठेवायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि ८ सेकंदांत २० वेळा ब्रेक दाबायचा. ऑइल प्रेशरचा काटा हलून दाखवतो, म्हणजे झालं. बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, पण चालतं.

पहिल्या दिवशी रेडलाइनला जाऊ नका. गाडी पूर्ण तापू द्या, मग मिसफायरची मोजणी कोड रीडरवर बघत हळूहळू वर न्या. सगळं स्वच्छ असेल तर ७,००० च्या वरची ती हरवलेली ओढ परत आल्याचं पाठीला कळतं.

बाकीची निगा

तेलापासून सुरुवात, कारण रोटरीच्या सीलना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन मुद्दाम तेल जाळतं. पंप थेंबथेंब तेल आत सोडतो. म्हणून दोनदा टाकी भरली की एकदा तेलाची पट्टी बघायची, अपवाद नाही. नव्या मालकांना तेल कमी झालं की धडकी भरते. मला उलट काळजी वाटते: ३,००० किलोमीटर झाले आणि पट्टीवर तेल जागचं हललंच नाही, तर पंप किंवा त्याच्या नळ्या तपासा. सील कोरडे चालले असतील. तेल ५,००० किलोमीटरला बदला.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळायचं की नाही यावर दोन रोटरीवाले भेटले की भांडण ठरलेलं. कंपनी ते मागत नाही. मी मिसळतो, लिटरला ५ मिली, म्हणजे ५० लिटरला पाव लिटर, कमी राख सोडणारं, जॅसो एफडी दर्जाचं. यानंतरही पंप सुरूच ठेवायचा. तेल आधी टाकीत ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे ढवळलं जातं.

कूलंटच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्येच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्वस्त ओबीडी रीडर लावून खरं तापमान बघा. १०५ अंशांच्या वर जायला लागलं की मी पाय काढतो आणि हीटर सुरू करतो. जुना रेडिएटर आणि कूलंटच्या टाकीचं झाकण हे दोन भाग आधी संशयाच्या यादीत घ्या.

गाडी थंड असताना चार पावलं हलवून बंद करायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. धुवायला बाहेर काढली, लगेच बंद केली, की पेट्रोल आत साठतं, प्लग ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता फिरत राहतो. तसं झालंच तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. त्या अवस्थेत कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि साठलेलं बाहेर फेकलं जातं. दहा सेकंद मारा, थोडं थांबा, पुन्हा मारा. सेल्फ मोटर जुनी होऊन मंद फिरत असेल तर गरम इंजिन सुरू व्हायला आढेवेढे घेतं. कॉम्प्रेशन चांगलं आलं असेल तर आधी तिच्याकडे बघा.

आणि गाडी पूर्ण तापल्यावर रोज एकदा तरी तिला रेडलाइनपर्यंत न्या. साइड सीलवर (रोटरच्या बाजूंच्या सीलवर) जमणारा कार्बन असाच निघतो. वरच्या आरपीएमला उघडणारी इनटेकची झडप, जिला एसएसव्ही म्हणतात, तीही न वापरल्याने कार्बनने चिकटते आणि मग वरच्या टप्प्यात ताकद कमी पडते. कॉइल नव्या असून गाडी वर मंद वाटत असेल तर ही झडप काढून साफ करा.

डिकीत मी एक नवी कॉइल, १० मिमी पाना, एक लिटर तेल आणि टेपची गुंडाळी ठेवतो. कॉइलच्या पिशवीवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले आहेत.